हवेवर जगतं म्हणे!

माती नको, कुंडी नको, पाण्याची कटकट नाही. एअर प्लँट विकणारे साधारण हेच सांगतात. पीजीच्या खोलीत कॉट आणि कपाटाच्या मधल्या वीतभर जागेत संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना अजून काय हवं? मग कुणाच्या तरी बर्थडेला काचेच्या गोळ्यात, रंगीत खड्यांवर बसवलेलं एक झुबकेदार रोप भेट जातं. महिना-दीड महिना छान दिसतं. मग टोकं करपतात, पानं मलूल होतात आणि एक दिवस हात लावला की अख्खं रोप सुटून हातात येतं. ‘माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत,’ म्हणून आपण मोकळे!

हाताला कशाला नावं ठेवता? तुम्हाला अर्धवट माहिती देऊन ते रोप विकलंय.

या झाडाचं खरं नाव टिलँडसिया, कूळ अननसाचं. फ्लोरिडा-टेक्सासपासून मेक्सिको, ग्वाटेमाला ते खाली थेट अर्जेंटिनापर्यंत त्याच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. तिकडे ही झाडं फांद्यांवर, खडकांवर, काही जाती तर चक्क विजेच्या तारांवरही वाढतात. मुळं फक्त धरून बसण्यापुरती. पाणी पितात ती पानं. पानांवर जी चंदेरी लव दिसते ना, ते बारीक खवले असतात. धुकं, दव, पाऊस सगळं त्यातूनच आत जातं. (आणि प्लीज, याला बांडगूळ म्हणू नका. बांडगूळ दुसऱ्या झाडात मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. हे बिचारं आपल्या सह्याद्रीतल्या ऑर्किडसारखं फक्त बसायला जागा मागतं.)

म्हणजे हवेवर वगैरे काही नाही, त्याला पाणी लागतंच. आठवड्यातून एकदा अर्धा तास वाडग्यात बुडवायचं, उलटं धरून झटकायचं आणि पंख्याच्या वाऱ्याला ठेवायचं. तीन-चार तासांत कोरडं व्हायला हवं, नाहीतर मधला कोंब कुजतो. हा कार्यक्रम सकाळी करा, कारण हे झाड कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेतं. रात्री ओलं ठेवलं तर नाक दाबून झोपवल्यासारखंच. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवाच इतकी ओली असते की बुडवणं कमी करून वारा वाढवावा. नागपूरच्या मे महिन्यात मात्र आठवड्यातून दोनदा तरी आंघोळ हवी. खिडकीजवळचा उजेड हवा, दुपारचं ऊन नको. पाणी पावसाचं मिळालं तर उत्तमच. आरओ मशीन बाहेर टाकतं ते पाणी मात्र नको, त्यात क्षार साठलेले असतात. आणि आजीच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी माणसांना कितीही चांगलं असो, या झाडांना तांबं विषारी आहे. म्हणून ती छान दिसणारी तांब्याची तारही नको.

आता मला सगळ्यात जास्त खटकतं ते. टिलँडसिया आयुष्यात एकदाच फुलते. आयोनान्था ही छोटी जात फुलायला आली की तिची वरची पानं लालभडक होतात आणि मधून जांभळ्या नळ्यांसारखी फुलं येतात. अशा वेळी कुणीही तिच्या प्रेमात पडेल, आणि दुकानदारालाही ते कळतं. फुलल्यानंतर मूळ रोप हळूहळू ओसरत जातं, पण तेवढ्या काळात त्याच्या बुडाशी पिल्लं येतात. खरी मजा इथेच सुरू होते, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. आपल्याला वाटतं, झालं, मेलं. मग पिल्लांसकट रोप कचऱ्यात!

घाई करू नका. पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश, जमलं तर निम्म्या आकाराचं होऊ द्या. मग बुडाशी धरून हलकेच पिळा. सहज सुटलं तर ठीक, नाहीतर राहू द्या. एकत्र वाढलेला झुपका जास्त देखणा दिसतो. बियांच्या वाटेला मात्र फार मोठा धीर असेल तरच जा. तळहातावर मावेल एवढं रोप बियांपासून व्हायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून तर ते जंगलातून ओरबाडायचा मोह होतो. ग्वाटेमाला-मेक्सिकोकडची झेरोग्राफिका ही मोठी, कुरळ्या पानांची जात इतकी ओरबाडली गेली की तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस कराराखाली परवान्यानेच करावा लागतो.

‘एवढं काय, पुष्पगुच्छही सुकतोच की,’ असं कुणी म्हणेल. पण पुष्पगुच्छ तोडलेलाच आहे हे आपल्याला माहीत असतं. इथे जिवंत रोप बंद काचेत घालून किंवा फ्रिजच्या मॅग्नेटला गरम गोंदाने चिकटवून विकतात. ते बुडवणार कसं? पिल्लं येणार कुठून? माझं चाललं असतं तर अशा प्रत्येक गोळ्यावर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा छापायला लावला असता.

तोवर निदान एवढं करा. दुकानात रोप उचलून बघा, बूड घट्ट आहे का, पिल्लू दिसतंय का. त्याहून सोपं म्हणजे आधी होस्टेलच्या ग्रुपवर विचारा. कुणाच्या तरी खिडकीत एखादा झुपका असेलच, आणि एक पिल्लू द्यायला कुणी नाही म्हणत नाही.