जुन्या खेळाला मोड

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी मी एक अख्खे गाव भंगारवाल्याला साडेतीनशे रुपयांना विकले. गावात साठएक बिऱ्हाडे होती, बससेवा होती, पोलीसचौकी होती, बँकसुद्धा होती. एवढ्या मालाला साडेतीनशे म्हणजे फार नव्हेत, हे मलाही कबूल आहे. पण भंगारवाल्याने वजन केले ते डब्याचे, गावाचे नव्हे.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या तोंडावर आमच्या सौभाग्यवती दरवर्षी घरात एक मोहीम काढतात. त्या दिवशी मोहीम चिरंजीवांच्या टेबलाखाली पोहोचली. तिथे एक जुना कॉम्प्युटर होता. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता; नुसता डबा, आणि तो रात्रंदिवस घूं घूं करीत असे.

"अहो, हे काय आहे? किती वर्षं माझ्या पायाला लागतंय!"

मी न्हाणीघराच्या दाराशी गेलो आणि ओरडून विचारले, "अमेय, तो टेबलाखालचा डबा लागतो का रे?" आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "हं" असा उद्गार आला. आमच्या घरात 'हं' या शब्दाचे निदान सात अर्थ होतात. त्यांतला सोयीचा अर्थ मी घेतला, आणि दहा वाजता भंगारवाला डबा खांद्यावर टाकून जिना उतरला.

संध्याकाळी अमेय कचेरीतून आला. टेबलाखाली वाकून त्याने पाहिले आणि तसाच वाकलेला राहिला. आमचा मुलगा आरडाओरड करणारा नाही. त्या दिवशी त्याने केली असती, तर मला बरे वाटले असते.

आता हे गाव कसले, ते सांगितले पाहिजे.

अमेय पाचवीत असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एक सायबर कॅफे होता. शाळा सुटली की मुले तिथे एका खुर्चीवर दोघे बसून एक खेळ खेळत. त्याचे नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'. सरळ मराठीत सांगायचे, तर मोटारींची मोठी चोरी! मी त्या वेळी बँकेत नोकरीला होतो. आपला मुलगा रोज पैसे देऊन मोटारी चोरायला शिकतो, हे ऐकून माझी झोप उडाली. मी त्या कॅफेला जायची बंदी केली. बंदीचा परिणाम एवढाच झाला, की तो मला न सांगता जाऊ लागला.

खेळ एडिंबरोच्या मंडळींनी तयार केलेला. 2004 साली तो प्लेस्टेशनवर आला आणि 2005 साली कॉम्प्युटरवर. त्यात अमेरिकेतला एक काल्पनिक प्रांत आहे आणि साल 1992 चे. तीन शहरे, मध्ये डोंगर, वाळवंट, खेडी, समुद्र. मारामाऱ्या आणि गुंडगिरी त्यात भरपूर आहे. तो लहान मुलांसाठी नाही असे वेष्टनावरच छापलेले असते, आणि तो सोज्ज्वळ आहे असे सांगायला मी बसलेलो नाही. पण त्यातली ठरलेली कथा बाजूला ठेवून कोणी नुसता सायकलवर हिंडला, विमान उडवले, किंवा डोंगरावर जाऊन सूर्यास्त पाहत बसला, तरी खेळ त्याला हटकत नाही. अशा खेळांना सँडबॉक्स म्हणतात. आपण लहानपणी बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर खेळलो, त्यातलाच प्रकार. किल्ला करा, बोगदा करा, नाही तर नुसते लोळा.

उणीव एकच होती. कॉम्प्युटरवर हा खेळ एकट्यानेच खेळायचा. एवढा मोठा प्रांत, आणि त्यात जिवंत माणूस एक! बाकीची सारी यंत्राची बाहुली. ती ठरलेली दोन वाक्ये बोलणार आणि धक्का लागला की शिव्या देणार.

ही उणीव कंपनीने नव्हे, खेळणाऱ्यांनी भरून काढली. याच मालिकेतल्या आधीच्या एका खेळासाठी 2003 च्या सुमारास काही हौशी मंडळींनी 'मल्टी थेफ्ट ऑटो' नावाची जोडणी केली होती. पुढे तिने सॅन अँड्रियासही जोडला. 2006 साली आणखी एक जोडणी आली. 'सॅन अँड्रियास मल्टिप्लेअर' असे तिचे नाव, पण सारे तिला सॅम्प म्हणतात.

"पण एका घरातला खेळ दुसऱ्या घरात दिसतो कसा?" मी एकदा विचारले होते.

"बाबा, तुम्ही पत्राने बुद्धिबळ खेळायचात ना?"

खेळायचो खरा. नागपूरच्या एका स्नेह्याबरोबर एक डाव मी अकरा महिने खेळलो होतो. पट त्याच्याही घरी, माझ्याही घरी. पोस्टकार्डावर जायची ती फक्त खेळी. इथेही तसेच आहे. शहर, रस्ते, मोटारी प्रत्येकाच्या यंत्रात आधीपासून असतातच. मध्ये भाड्याने घेतलेले एक यंत्र असते, त्याला सर्व्हर म्हणतात. ते फक्त निरोप पोहोचवते, की अमका या वळणावर आहे आणि तमका पुलावर आहे. तेवढ्यावरून प्रत्येकाचे यंत्र इतरांची माणसे आपापल्या पटावर मांडते. फरक इतकाच, की पोस्टकार्डे सेकंदाला अनेक जातात.

असे सर्व्हर जगभर पसरले. एकेक सर्व्हर म्हणजे एकेक गाव, आणि प्रत्येक गावाचे नियम गावकऱ्यांनीच पॉन नावाच्या एका छोट्या आज्ञाभाषेत लिहिलेले. मूळ खेळात केलेल्या अशा फेरफारांना मॉड म्हणतात.

"मोड?" सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले. "मटकीला येतात तसे?"

"तसंच समज, आई," अमेय म्हणाला. मला वाटते, ती चुकून बरोबर बोलली. दाणा जुनाच असतो. त्याला पाणी घालून फडक्यात बांधून ठेवणारे कोणीतरी लागते.

अमेय आणि त्याच्या सवंगड्यांनी असेच एक गाव वसवले. एका रात्री पाणी प्यायला उठलो असताना मी त्याच्या मागे उभा राहून ते पाहिले. पडद्यावर एक बस थांब्यावर उभी होती. आत उतारू नव्हता, थांब्यावरही कोणी नव्हते.

"ही निघत का नाही?"

"अजून दोन मिनिटं आहेत. वेळापत्रक आहे, बाबा."

मग ती निघाली आणि पुढच्या चौकात तांबडा दिवा पाहून थांबली! त्यांच्या गावात नवीन आलेल्याला मोटार मिळत नाही. आधी परवान्याची परीक्षा द्यायची, मग बस किंवा ट्रक चालवायचा, पगार जमवायचा, तेव्हा कुठे घर. सिग्नल तोडला तर दंड. मोटारचोरीच्या खेळात मुले रात्री साडेअकरा वाजता तांबड्या दिव्याला थांबत होती, आणि खाली आमच्या खऱ्या रस्त्यावर त्याच वेळी एक रिक्षा उलट दिशेने चालली होती. बंदी मी त्याच रात्री मनातल्या मनात उठवली.

असा खेळ वीस वर्षांवर टिकतो, याचे मला नवल वाटते. मूळ दुकानाकडून त्याला फारसा आधार नाही. खेळातल्या रेडिओवर खरी गाणी वाजत. परवान्यांची मुदत संपली म्हणून 2014 साली विक्रीच्या प्रतीतून त्यांतली कित्येक काढून टाकली. सॅम्प तर पहिल्या आवृत्तीवरच चालते, म्हणून मुले ती जुनी आवृत्ती जिवापाड जपतात. 2021 साली रंगसफेदी केलेली नवी आवृत्ती आली. तिच्यात एकत्र खेळण्याची सोय नव्हतीच, वर जुनी प्रत विक्रीतून काढली. लोकांनी ओरड केली तेव्हा ती पुन्हा विकायला ठेवण्याचे कबूल करावे लागले. पुढे 2023 साली त्याच कंपनीने, आपल्या नंतरच्या एका खेळासाठी अशाच जोडण्या करणाऱ्या मंडळींना पदरी घेतले. कारखानदारांना उशिरा का होईना, मोडांची चव कळली म्हणायची.

जोडण्यांचेही नशीब सारखे नाही. सॅम्पची मूळ संहिता तिच्या कर्त्याने उघडी केली नाही, आणि तिची शेवटची मोठी आवृत्ती 2015 ची. आजीने मसाल्याची कृती कोणाला सांगितली नाही की तिच्यामागे घरात ती चव राहत नाही, तशातली ही गोष्ट. शेवटी इतरांनी 'ओपन मल्टिप्लेअर' नावाने सारे नव्याने लिहिले आणि जुन्या गावांचे नियम त्यावर चालतील अशी काळजी घेतली. मल्टी थेफ्ट ऑटोची संहिता मात्र उघडी आहे, त्यामुळे एकाचे हात थकले की दुसऱ्याचे पुढे येतात.

राहिला खर्चाचा प्रश्न. सर्व्हरचे भाडे दरमहा भरावे लागते आणि ते वर्गणीतून निघते. आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षे खजिनदार होतो. वर्गणी हा शब्द ऐकताच पुढचे सारे मी ओळखले. दहाजण देतात, पाचजण देतो म्हणतात आणि बाकीचे तक्रारी करतात. नाशिकचा एक मुलगा नियम दुरुस्त करतो. टोरोंटोला गेलेला एकजण, आपण झोपलो की पहारा देतो. जत्रा संपली तरी देवळाचा दिवा कोणीतरी लावतच असतो, तशी ही मुले.

आता पुन्हा त्या डब्याकडे येतो. त्याच आठवड्यात गावावर एक संकट येऊन गेले होते. भाडे थकल्याची सूचना एका मुलाच्या अशा पत्त्यावर जात होती, की तो पत्ता त्याने पाहणेच सोडले होते. मुदत टळली आणि ते यंत्र पुसून दुसऱ्याला दिले गेले. अमेय तरीही निश्चिंत होता. कारण रोज पहाटे तीन वाजता गावाची नक्कल आमच्या टेबलाखालच्या डब्यात उतरत असे. ती तो त्याच संध्याकाळी नव्या यंत्रावर चढवणार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भंगारवाल्याकडे गेलो. माल गोदामात गेला होता. गोदाम गाठले, तर डबे केव्हाच फोडून झाले होते. एका कोपऱ्यात हार्ड डिस्कचा ढीग होता, नारळीपौर्णिमेला बाजारात नारळांचा असतो तसा. अमेयने दोन-चार उचलून पाहिल्या आणि हात झटकले. परतीच्या लोकलमध्ये तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता.

"अरे, सगळंच गेलं का?" मी धीर करून विचारले.

"नियम आहेत. त्यांची प्रत नाशिकला आहे. गेली ती वही. कोणाचं घर कुठलं, कोणाच्या खात्यात किती. सहा वर्षांची."

मी बँकेतला माणूस. खातेवही गेली म्हणजे काय गेले, ते मला कोणी समजावून सांगायला नको. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते.

"मग ज्याला त्याला विचारा," मी म्हणालो. "प्रत्येकाने आपलं काय होतं ते लिहून द्यावं."

"आणि खरं-खोटं कोण ठरवणार?"

"शेजारी. शेजाऱ्याला सगळं माहीत असतं."

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पुजतात. त्या संध्याकाळी आमच्या पाटावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक तांबड्या बांधणीची वही होती. सौभाग्यवतींनी तिच्यावर कुंकू वाहिले. आपण कशाची पूजा करतो आहोत, हे तिने विचारले नाही. मग अमेय एकेकाचा निरोप वाचू लागला आणि मी लिहून घेऊ लागलो. रात्री दीडपर्यंत सत्तावन्न नोंदी झाल्या.

एका पठ्ठ्याने दोन बंगले सांगितले. तीन शेजाऱ्यांनी एकच सांगितला. तासाभराने त्याचा निरोप आला, की दुसरा आपण विकला होता हे विसरलो. बाकी तक्रार कुठेच नव्हती. टोरोंटोच्या मुलाने तर शेवटी लिहिले होते, "बससेवेचे चार हजार मी देणे लागतो." ते देणे दुसऱ्या कोणाच्याही स्मरणात नव्हते. चौतीस वर्षांच्या नोकरीत आपणहून देणे सांगत आलेला खातेदार मी पाहिलेला नाही, आणि तो मला भेटला मोटारचोरीच्या खेळात!

दोघांचे उत्तर आले नाही. त्यांची घरे इतरांनी आठवून सांगितली. एकाचे पेट्रोलपंपामागचे निळ्या दाराचे, दुसऱ्याचे समुद्राकाठचे. ती त्यांच्या नावावर मांडून कुलूप लावून ठेवली. पेट्रोलपंपामागचा मुलगा माघात परत आला. दुसरा अजून आलेला नाही. त्याचे घर दुसऱ्या कोणाला द्यावे, असे अद्याप कोणी सुचवलेले नाही.

आता गावाची नक्कल तीन ठिकाणी असते. एक नाशिकला, एक टोरोंटोला, आणि तिसरी एका पेनड्राइव्हवर माझ्या कपाटात. दर महिन्याच्या एक तारखेला अमेय ती बदलून देतो आणि मी तांबड्या वहीत सही घेतो. यंदाच्या मोहिमेच्या आधीच मी त्या खणावर 'विकू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. आमच्या घरात 'हं' या शब्दालाही आता बंदी आहे. होय म्हणायचे किंवा नाही म्हणायचे.

गावकऱ्यांनी कृतज्ञता म्हणून मला बसचालकाची जागा देऊ केली आहे. "काका, पण परीक्षा द्यावी लागेल," असे मात्र त्यांनी बजावले. ती परीक्षा मी आतापर्यंत दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नापास झालो. दुसऱ्या वेळी तर तांबडा दिवा मला दिसलाच नाही. दंड माझ्या नावावर मांडून ठेवला आहे. नोंद माझ्याच अक्षरात आहे, तेव्हा ती नाकारता येण्यासारखी नाही.