परिपत्रकातील परसबाग

सरकारी परिपत्रकांचे एक बरे असते. त्यांतील जमीन कधी मुरमाड नसते, विहीर आटत नाही आणि शेळ्या कुंपण ओलांडत नाहीत. शाळाशाळांतून परसबागा उभाराव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या. मुलांनी आवारात भाजी पिकवावी आणि ती दुपारच्या भोजनात त्यांच्याच ताटात पडावी, या कल्पनेत आक्षेपार्ह काही नाही. किंबहुना तिची गरज फार मोठी आहे.

शालेय पोषण आहाराच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी मिळावयास हवी. धान्य गोदामातून येते, डाळ टिकते. भाजी मात्र ताजी आणावी लागते आणि बाजार कडाडला की पहिली कात्री तिलाच लागते. पातळ आमटीत भोपळ्याच्या दोन फोडी तरंगल्या की कागदोपत्री भाजी झाली! शेतमजुराच्या घरी रेशनचे धान्य पोहोचते, भाजी पोहोचत नाही. त्याच्या मुलाला पालेभाजी दिसली तर ती शाळेतच दिसणार.

पण हिशेब मांडून पाहावा. शंभर मुलांच्या शाळेस रोज ५ किलो भाजी लागते. वर्षाकाठी २०० दिवस धरले तर एक टन. शाळेमागच्या चार वाफ्यांतून एवढे पीक निघेल, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. म्हणूनच बाग झाली, आता भाजीचा खर्च कमी करा, असा मोह कोणाला होता कामा नये. मुलांना शिजवलेले अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली राज्यांना दिला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यावर हक्काची मोहोर उमटवली. ते अन्न मुलांनी पाणी शेंदून कमवायचे नाही. जनगणना आणि निवडणुकांनी आधीच वाकलेल्या शिक्षकाच्या हाती एकट्याने खुरपे देणे, हाही न्याय नव्हे.

भार उचलायचा तो गावाने. तिथिभोजनाच्या निमित्ताने गावकरी शाळेत जिलेबी वाटतात. मुले खूश होतात, ते योग्यच. परंतु वाढदिवसाच्या जिलेबीपेक्षा एरवीच्या मंगळवारची मेथी अधिक मोलाची आहे. भाव कोसळला, टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ आली, की पाटीभर शाळेकडे धाडणे सोपे असते. खरा प्रश्न पेरणीच्या वेळचा आहे. पाचसहा शेतकऱ्यांनी वांग्यांची किंवा गवारीची एकेक ओळ शाळेच्या नावानेच लावली आणि भाव चढला तरी ती मोडली नाही, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सकाळी रिकाम्या टोपलीकडे पाहावे लागणार नाही.

शाळेच्या आवारातील बागेचे मरण ठरलेले असते, ते मे महिन्यात. हात धुण्याचे पाणी चर काढून वाफ्यांत सोडले, तर शाळा चालू असेतोवर निभावते. सुटी लागली की शेवगा आणि कढीपत्ता कसेबसे तग धरतात. बाकीच्यांची जूनमध्ये काटकेच उरतात. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने परसबागेची छायाचित्रे वर पाठविण्यापूर्वी, मे महिन्यात कोणत्या आठवड्यात पाणी कोण घालणार, याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी.