बोळा नळीला की कानाला?

माझा उजवा कान १९६८ साली गेला. गेला म्हणजे जागेवरून हलला नाही. चष्म्याची काडी अडकवण्याचं काम तो आजही इमानेइतबारे करतो. ऐकण्याचं खातं मात्र त्यानं बंद केलं आणि त्याऐवजी एक बारीक शिट्टी सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. कुकरलासुद्धा तीन शिट्ट्यांनंतर गप्प बसायची अक्कल असते. माझ्या कानाला नाही.

झालं होतं असं. आमच्या भुदरगड तालुक्यातल्या वावरात उसात रानडुकरं शिरत. थोरले चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, त्यांच्याकडे पीक राखायच्या परवान्यावरची बाराबोअर होती. मी तेरा वर्षांचा. रात्री माळ्यावर तात्यांच्या डावीकडे घोंगडं पांघरून बसलो होतो. उसात खसखस झाली. तात्यांनी बंदूक उचलली. मी काय चाललंय ते बघायला मान पुढं काढली, आणि त्याच क्षणी बार झाला. पुढचे तीन दिवस आमच्या घरातली माणसं नुसतीच तोंडं हलवीत होती. डावा कान परत आला. उजवा आला नाही.

तेव्हा शिकारीच्या बंदुकीला सायलेन्सर बसवावा की नाही, या प्रश्नावर मत द्यायला अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतका लायक माणूस सापडायचा नाही. आणि माझं स्वच्छ मत असं आहे, की बसवू नये.

आता कोल्हापुरात बसून हा प्रश्न मला पडायचं कारण म्हणजे माझा भाचा. हा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत आला आणि फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, मी शिकारी झालो."

ज्या मुलानं न्हाणीघरातल्या झुरळापायी शेजारच्या काकूंना हाका मारल्या, तो शिकारी झाला! त्यानं फोनवर फोटो दाखवला. बर्फाळ डोंगर, त्याच्यापुढं हा, खांद्यावर रायफल, आणि रायफलीच्या तोंडाला थर्मासच्या धाकट्या बहिणीसारखं एक जाडजूड नळकांडं.

"चहा घेऊन जातोस होय रे?" आमच्या हिनं विचारलं.

"मामी, तो सायलेन्सर आहे."

मग त्यानं आम्हाला तास घेतला. गोळीच्या मागून तापलेला वायू नळीतून एकदम बाहेर फुटतो, त्याचा बार होतो. नळकांड्यात एकामागं एक पडदे असतात. वायू त्यांत अडखळतो, पसरतो, निवतो आणि मग बाहेर पडतो. कुकरचं झाकण एकदम उघडण्याऐवजी वाफ हळूहळू जाऊ द्यावी, तसं. सिनेमातला खलनायक करतो तसा नुसता 'फुस्स' आवाज मात्र होत नाही. रायफलीचा बार साधारण १६० डेसिबल; नळकांडं त्यातले पंचवीस-तीस कमी करतं. शिवाय गोळी आवाजापेक्षा जोरात पळत असल्यामुळे तिचा स्वतःचा एक फटका हवेत बसतोच, तो कुठल्याही नळकांड्याला आवरत नाही.

"नॉर्वेत हे दुकानात सरळ विकत मिळतं, परवाना लागत नाही," भाचा म्हणाला. "उलट न लावणाऱ्याकडेच लोक बघतात."

आणि मग त्यानं एकेक मुद्दा चकलीसारखा मोडून माझ्यापुढं ठेवला. शिकाऱ्याचे कान वाचतात. बरोबरच्या कुत्र्याचे वाचतात. त्याच्या कानाला बोळा कोण घालणार? जवळच्या वस्तीतली माणसं दचकत नाहीत. बंदुकीचा धक्काही कमी बसतो. बाकीचा कळप उधळत नाही, त्यामुळे दुसरंही जनावर टिपता येतं. तिथं तांबडी हरणं उदंड झाली आहेत, लांडगे त्या बाजूला जवळजवळ नाहीतच, कुरणं फस्त होतात. म्हणून दरवर्षी सरकार ठरवून देईल तितकी मारावीच लागतात.

"तांबड्या हरणाचा तांबडा रस्सा करता काय रे तिथं?" ही म्हणाली. "मसाला बांधून देतो मी." (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे बायका 'देतो' म्हणतात. ऐकणाऱ्याचा कान बिघडलेला नाही.)

ते शेवटचं कारण मला सर्वांत जास्त खटकलं. कळप उधळत नाही म्हणे! अरे, उधळू दे की! हरणाच्या बाजूनं या सगळ्या व्यवहारात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बार झाला की बाकीच्यांना कळतं. पहिलीचं नशीब फुटलं, पण तिच्या बहिणींना पळायची नोटीस मिळाली. कोर्टसुद्धा माणसाला नोटीस दिल्याशिवाय घराबाहेर काढत नाही. आणि हे लोक हरणाला नोटीस न देता जगाबाहेर काढायला निघालेत!

भाच्यानं मग इतिहास काढला. म्हणाला, "मामा, बिनआवाजाची शिकार तर आपल्या कोल्हापूरचीच." पोराबाळांना घेऊन तो नव्या राजवाड्यातलं म्युझियम बघून आला होता. आता हे खरं आहे. चित्ता हा आमच्या संस्थानचा चार पायांचा सायलेन्सर होता. डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवायचं, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. ना बार, ना धूर. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले, तेव्हा कोल्हापूरकरांनी आफ्रिकेतून मागवले, पण हौस सोडली नाही. पुढं १९५२ साली चित्ता या देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये नामिबियाहून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडावा लागला. पण गड्या, चित्ता चारपाचशे मीटर पळाला की त्याला धाप लागते. तेवढ्यात निसटलं ते काळवीट सुटलं. नळकांड्याला धाप लागत नाही.

नळकांड्याचीही मोठी गंमतीची कुळकथा आहे. हायरम मॅक्सिम नावाच्या गृहस्थानं १८८४ च्या सुमारास मशीनगन काढली. ती धडधडवून धडधडवून स्वतः ठार बहिरा झाला. त्याच्या मुलानं, हायरम पर्सी मॅक्सिमनं, बंदुकीचा सायलेन्सर काढला. त्याचं पेटंट १९०९ चं. बापानं जगाचे कान फोडावेत आणि मुलानं बोळे विकावेत, असा हा घरंदाज धंदा. हीच युक्ती मुलानं पुढं इंजिनांच्या धुराड्यांनाही लावली. म्हणजे बंदुकीचा सायलेन्सर आणि मोटारसायकलचा सायलेन्सर हे सख्खे भाऊच.

हे मी सांगत असतानाच आमच्या बोळातून बुलेट गेली. खिडकीची तावदानं, कपाटातल्या बश्या आणि माझी कवळी ही सगळी एकसुरात वाजली. शेजारचा मुलगा अर्धा लिटर दूध आणायला निघाला होता. गाडीला कंपनीनं दिलेला सायलेन्सर त्यानं पैसे मोजून काढून टाकलाय आणि आणखी पैसे मोजून दुसरं नळकांडं बसवलंय, ज्यातून मधूनच फाटदिशी बार निघतो. असल्या मोटारसायकलीचा आवाज कारखान्यातून निघताना ८० डेसिबलच्या वर असू नये असा नियम आहे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा २००० सालापासून कागदावर आहे. पोलीस अधूनमधून असली नळकांडी गोळा करून त्यांच्यावर रोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो, आणि दुसऱ्या दिवशी दूध आणायला तोच आवाज जातो.

भाचा हसायला लागला. "तुमच्याकडे जिथं सायलेन्सर हवा तिथनं काढतात, आणि मी जिथं लावतो तिथं तुम्ही नको म्हणता!"

अगदी बरोबर! मी दोन्हीकडे हेच म्हणतोय. शेजारच्या मुलाच्या आवाजातून मला फक्त इतकंच कळतं की त्याच्या घरचं दूध संपलं. ही बातमी माझ्यापर्यंत पोचली नाही तरी चालेल. पण रानात बार होतो, तेव्हा कुणाचा तरी जीव गेलेला असतो. ही बातमी पंचक्रोशीला कळलीच पाहिजे. जीव घ्यायचा आणि वर कुणाला त्रास नको म्हणून दबक्या पावलांनी घ्यायचा, ही सभ्यता मला झेपत नाही.

आणि नॉर्वेचं नॉर्वेत. आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली. आज कोल्हापूर जिल्ह्यातली चांगली रायफल कागदाला भोकं पाडते आणि नाव काढते. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. कागदाच्या नातेवाइकांना पळायची नोटीस लागत नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग आमच्या रानात सायलेन्सर हवा कुणाला? फक्त चोराला. राधानगरीचं अभयारण्य, ज्याला आपण दाजीपूर म्हणतो, ते १९५८ पासूनचं. आज त्याचा पसारा ३५१ चौरस किलोमीटर आहे. गवा तिथला मानकरी, पण सांबर आहे, भेकर आहे, सशाएवढं दिसणारं पिसोरी हरीण आहे. आता त्या रानात रात्री उभा राहिलेला वनरक्षक डोळ्यांपुढं आणा. हातात काठी, एक बॅटरी, वर सह्याद्रीतला पाऊस नाहीतर धुकं. त्याला दहा हातांवरचा गवा दिसत नाही, चोर कुठून दिसणार? त्याच्याजवळ आहेत ते दोन कान. दरीपलीकडं बार झाला की तो उठतो, दिशा धरतो, चौकीला कळवतो. ते कान तुम्ही नळकांड्यानं बुजवलेत, तर उरली काठी. आमच्या शस्त्रांच्या नियमांत बंदुकीचा आवाज दाबणारी जोडणी बंदी असलेल्या हत्यारांच्या पंगतीला बसवलीय, ती उगीच नाही.

भाचा म्हणाला, "पण मामा, तुमचा कान?"

मी म्हणालो, "बोळा घालायचाच तर माझ्या कानाला घाल, बंदुकीच्या नळीला कशाला? माझ्या कानातला बोळा फक्त मला बहिरा करतो. नळीतला बोळा पंचक्रोशीला बहिरा करतो." हे बोलून मी विजयी मुद्रेनं चिवड्याकडे वळलो.

पण हे पोरगं बेरकी. शांतपणे त्यानं विचारलं, "त्या रात्री ते डुक्कर पडलं काय हो?"

इथं मात्र मी गप्प बसलो. कारण पडलं नव्हतं. गोळी लागली होती, पण कुठंतरी मागं. सकाळी उसाच्या पाल्यावर रक्त होतं. माणसं दुपारपर्यंत माग काढत ओढ्यापर्यंत गेली आणि पुढं माग हरवला. तात्या दोन दिवस जेवणावर नीट बसले नाहीत. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती: मान पुढं काढली तेव्हा मला तात्यांचा चेहरा दिसला होता. घोडा दाबताना त्यांचे डोळे मिटलेले होते. इतका पट्टीचा माणूस, पण बाराला भ्यायचा.

"तेच म्हणतो मी," भाचा म्हणाला. "आवाज आणि धक्का कमी असला की माणूस दचकत नाही. नेम चुकत नाही. जनावर हाल होऊन मरत नाही. आमच्याकडे जखमी जनावर शोधायला शिकवलेला कुत्रा हाताशी असावाच लागतो, आणि दरवर्षी नेमाची परीक्षा द्यावी लागते. तीही याच्यासाठीच."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तिथं परीक्षा आहे, कुत्रा आहे, मोजून दिलेली हरणं आहेत, तिथं त्यानं काय हवं ते नळीला बांधावं. पण राधानगरीच्या रानातला चोर परीक्षा देऊन येत नाही, आणि जखमी भेकर शोधायला पहाटेपर्यंत थांबतही नाही. तेव्हा आमच्याकडे बार व्हायलाच हवा, चांगला दणदणीत. माझा दुसरा कान गेला तरी चालेल, असं मी बोललोसुद्धा. पण ते दिवाळी होती म्हणून. तसं खरोखर चालणार नाही.

परवा नॉर्वेहून पार्सल आलं. आत शिकाऱ्यांचे कानावर चढवायचे इलेक्ट्रिक टोप. मोठा आवाज आला की ते दाबतात, बारीक असेल तर मोठा करतात. मी लगेच चढवले आणि बोळातल्या बुलेटची वाट बघत झोपाळ्यावर बसलो. बुलेट काही आली नाही. ही मात्र स्वयंपाकघरात भाच्याशी फोनवर बोलत होती, आणि डाव्या कानाला शब्द न् शब्द लख्ख ऐकू येत होता.

"मामाचं काय घेऊन बसलायस? तुझं पटलंय त्यांना, तात्यांचं आठवून दोन रात्री झोपले न्हाईत. पण कबूल करायचे न्हाईत. आणि तुला सांगतो, ऐकू येतंय हां त्यांना, चांगलं येतंय. भाजी आणा म्हटलं की मगच उजवा कान पुढं करतात."

मी टोप काढून कपाटात ठेवले.