आमच्यामागें याचें काय?

ज्या घरांत एखादें मूल जन्मतः किंवा आजारानें अपंग झालेलें असतें, त्या घरांतील आईबापांस एक चिंता अहोरात्र जाळीत असते. आमच्यामागें याचें काय? एकत्र कुटुंबांत यावर भाऊ पाहतील, भावजया पाहतील, असें उत्तर ठरलेलें असतें. त्या मायेस आम्ही हलकें लेखीत नाहीं. परंतु ज्याच्याविषयीं ही चिंता, त्याला स्वतःला काय हवें, हें विचारण्याचें मात्र बहुधा राहून जातें.

या प्रश्नाला अमेरिकेंत जें उत्तर मिळालें, तें आमच्या वाचकांनीं जाणून घेण्याजोगें आहे. कॅलिफोर्नियांतील एड रॉबर्ट्‌स याला १९५३ सालीं, चौदाव्या वर्षीं, पोलिओ झाला. मानेखालचें शरीर जवळजवळ लुळें पडलें. ज्याला 'लोखंडी फुप्फुस' म्हणत, त्या पिंपासारख्या यंत्रांत त्याला रात्रीं निजावें लागे. १९६२ सालीं तो बर्कले येथील विद्यापीठांत दाखल झाला, तेव्हां वसतिगृहांत त्या यंत्राची सोय नसल्यामुळें त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयांत जागा देण्यांत आली. पुढें इतर अपंग विद्यार्थीही तेथें आले, आणि १९७२ सालीं या मंडळींच्या चळवळींतून बर्कले शहरांत 'स्वतंत्र जीवन केंद्र' उभें राहिलें.

हें केंद्र म्हणजे अनाथाश्रम नव्हे कीं वसतिगृह नव्हे. अपंगांनींच चालविलेल्या या संस्थेंत मदतनिसांची यादी मिळे, चाकाच्या खुर्च्या दुरुस्त होत, राहण्याजोगें घर शोधून देत आणि अनुभवी अपंग नवख्याला सल्ला देत. मदतनीस कोण ठेवावा, त्यानें किती वाजतां यावें, काम न जमल्यास त्याला निरोप द्यावा कीं काय, हें अपंगानेंच ठरवावयाचें. आपला सदरा आपल्या हातानें चढवितां येणें एवढेंच स्वावलंबन नव्हे. दुसऱ्याच्या हातून कां होईना, तो केव्हां व कोणता चढवावा हें आपण ठरविणें, हेंही स्वावलंबनच होय. 'हा कधीं कामाचा होणार नाहीं' म्हणून ज्या सरकारी पुनर्वसन खात्यानें रॉबर्ट्‌सला प्रथम साहाय्य नाकारलें, त्याच खात्याचा तो १९७५ सालीं प्रमुख झाला!

आपल्याकडे २०१६ च्या अपंगहक्क कायद्याच्या पांचव्या कलमानें समाजांत राहण्याचा हक्क मान्य केला आहे. अपंगांस अमुकच ठिकाणीं राहण्याची सक्ती नसावी व मदतनिसासह घरपोंच साहाय्य मिळावें, यासाठीं सरकारनें झटावें, असें तें कलम सांगतें. परंतु कायद्यानें मदतनीस दारीं येत नाहीं.

परका माणूस विश्वासाचा निघेल काय, खर्च कसा झेपेल, या शंका खऱ्या आहेत. म्हणूनच गांवांतील चारसहा कुटुंबांनीं एकत्र येऊन पारखलेल्या मदतनिसांची यादी ठेवावी, वेळ व खर्च वांटून घ्यावा, असें आम्ही सुचवितों. घरांतही आरंभ करतां येईल. मुलाच्या खर्चाचे पैसे त्याच्या हातीं द्यावे, मदतनीस त्याला निवडूं द्यावा, वांटणीच्या बोलण्यांत त्याला बसवावें. आईबाप हयात असतांनाच ही संवय व्हावी. त्यांच्यामागें ती शिकण्यास फार उशीर झालेला असतो.