खोकला अंगवळणी पाडू नका

सलग २ वर्षे, दरवर्षी किमान ३ महिने कफासह खोकला येत असेल आणि दुसरे कारण नसेल, तर तो जुनाट ब्राँकायटिस. धूर-धुळीने श्वासनलिकांचे अस्तर सुजते, कफ वाढतो, तो वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि हवेची वाट अरुंद होते. अशा धूर-धुळीचा प्रश्न भिलाईसारख्या पोलादनगरीतही आहे. तेथे १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. आज राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील प्रदूषित शहरांच्या यादीत हे शहर आहे. विडी-सिगारेट हे मोठे कारण खरेच. पण कोक भट्टीजवळचा कामगार विडी न ओढताही आजारी पडू शकतो. म्हणून कायम आणि कंत्राटी, सर्वच कामगारांची फुप्फुसांची तपासणी, स्पायरोमेट्री, दरवर्षी व्हायला हवी. कामगारांनीही दुखणे अंगावर काढू नये. धूम्रपान आजच सोडावे.