कॅन बांधावर, कागद बंदरावर

ऑक्टोबर छाटणी उरकली की सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबच्या आसपासच्या द्राक्षबागांत पेस्टिंगची घाई सुरू होते. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून मजूर बायाबापे स्पंजाने किंवा फडक्याच्या बोळ्याने एकेका डोळ्याला औषध लावत पुढे सरकतात. कोणती काडी झाली आणि कोणती राहिली हे कळावे म्हणून बादलीत बरेचदा लाल रंग कालवलेला असतो. दिवस मावळताना तो रंग बोटांच्या पेरांवर आणि मनगटावर दिसतो, घाम पुसताना कपाळावरही आलेला असतो. रंग जिथे पोचला, तिथे औषधही पोचलेले असते.

हे औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. द्राक्षवेलीला डोळे फुटण्यासाठी थंडीची विश्रांती लागते. सोलापूरच्या हवेत ती पुरेशी मिळत नाही, म्हणून हे रसायन लागते. शेतकऱ्याच्या तोंडी त्याचे नाव ‘डॉर्मेक्स’. हे मुळात जर्मनीतल्या ट्रोस्टबर्गच्या आल्झकेम कंपनीचे व्यापारी नाव आहे. ज्या जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’सारखे वाण घडवले, तिथली बाग आज एका परदेशी कारखान्याच्या कॅनवर अवलंबून आहे. त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न आहे तो कॅनबरोबर काय आले आणि काय मागे राहिले याचा.

युरोपीय संघाने 2008 मध्ये पीकसंरक्षणासाठी सायनामाइडला मान्यता नाकारली. ते हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावर आणि श्वासात जाणारे प्रमाण धोक्याचे ठरते, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. ही बातमी शेताच्या बांधावर किती जणांना ठाऊक आहे? किवी पिकवणाऱ्या न्यूझीलंडमध्ये हेच रसायन वापरले जाते, पण कडक अटींखाली. आपल्याकडेही ते एका दिवसात बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही, कारण डोळे मागेपुढे फुटले तर बागायतदाराचे अख्खे वर्ष जाते. मात्र रसायन घ्यायचे तर त्याच्या अटीही घ्यायला हव्यात.

सगळ्यात मोठी अट दारूची आहे. सायनामाइड शरीरात गेले की मद्य पचवणारी साखळी मध्येच तुटते आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य साठत जाते. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. हाच गुणधर्म हेरून सायनामाइडचे एक संयुग दारू सोडवण्याचे औषध म्हणूनही वापरले गेले. त्यामुळे पेस्टिंगच्या आधी आणि नंतर काही दिवस दारू वर्ज्यच ठेवावी लागते. दिवसभर औषध लावून आलेला गडी संध्याकाळी थोडी घेतो आणि त्याला त्रास सुरू होतो. घरच्यांना वाटते, चढली असेल, झोपू द्या. त्या झोपू देण्यात उपचाराचा वेळ निघून जाऊ शकतो.

कायद्यात हे सारे नाही असे नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणीशिवाय अशा रसायनाची आयातच करता येत नाही. 1971 च्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक हिंदी आणि इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावे लागते. विषबाधेची लक्षणे आणि उतारा त्यात असावाच लागतो. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनी आयातदारावर मालाची सुरक्षाविषयक माहिती अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. पण दोन शेतकरी एक कॅन वाटून घेतात, अर्धे औषध रिकाम्या बाटलीत ओतले जाते, आणि माहितीपत्रक पहिल्या कॅनलाच चिकटून राहते.

माल आणि कागद यांची ताटातूट झाली की काय होते, याचे दाखले जगभर आहेत. पनामात 2006 मध्ये सरकारी खोकल्याच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली. चीनमधून निघालेले डायएथिलीन ग्लायकॉल बार्सिलोनामार्गे ग्लिसरीन म्हणून तिथे पोचले होते. वाटेत प्रमाणपत्रावरचे मूळ उत्पादकाचे नाव बदलत गेले आणि डबा उघडून माल कोणी तपासला नाही. आपल्या मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात 14 जुलै 2010 रोजी क्लोरीनची गळती होऊन शंभरावर लोकांना त्रास झाला. ते सिलिंडर 1997 पासून बेवारस पडून होते. माल बंदरात, आणि त्याचा धनी कोण याचा पत्ता नाही!

यवतमाळची 2017 सालची विषबाधा महाराष्ट्र विसरलेला नाही. फवारणी करता करता 20 हून अधिक माणसे गेली, तेव्हा सगळ्या यंत्रणा जाग्या झाल्या. द्राक्षपट्ट्याने तसे जागे होण्याची वाट पाहू नये. आयातदाराची जबाबदारी न्हावाशेवा बंदरात सीमाशुल्क भरले की संपते, ही समजूत मोडायला हवी. कॅन कृषी सेवा केंद्रात उन्हात तापत ठेवलेला नाही ना, हे पाहणेही त्याच्याकडे आले पाहिजे, कारण हे रसायन उष्णतेने विघटन पावते आणि बंद डब्यात दाब वाढतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, हे जर्मनीतल्या कारखानदाराला नसेल ठाऊक. इथल्या वितरकाला आहे. आणि कृषी विभागाने छाटणीच्या आधी गावोगावी रबरी हातमोजे, चष्मा आणि दारू न पिण्याचा इशारा पोचवावा, तोही मराठीत, ठळक अक्षरांत.

तोवर बागायतदारांना एवढीच विनंती: यंदा कॅन घेताना पक्क्या पावतीबरोबर मराठी माहितीपत्रक मागून घ्या, बादलीत औषध कालवण्याआधी ते मजुरांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि हातमोज्यांचा खर्च मजुरीतून कापू नका.