कसाऱ्याची लोकल इगतपुरीला का येत नाही? आणि इगतपुरीने नक्की कुठली लोकल मागावी?

कसारा हे मुंबई लोकलचं या बाजूचं शेवटचं स्टेशन. सीएसएमटीपासून सुमारे १२१ किलोमीटर. लोकल थांबली की पुढे इगतपुरी-नाशिकला जाणारे प्रवासी बाहेर पडतात आणि शेअर जीप नाहीतर टॅक्सी शोधतात. समोर घाट, वर इगतपुरी. रेल्वेच्या हिशेबाने अंतर फक्त सोळा किलोमीटर.

या सोळा किलोमीटरसाठी वर्षानुवर्षं एकच मागणी होतेय. लोकल इगतपुरीपर्यंत आणा, जमलं तर नाशिकपर्यंत न्या. निवडणूक जवळ आली की ती पुन्हा वर येते. २०१९ च्या सुमारास नाशिक-कल्याण लोकलची चर्चा अगदी जोरात होती, तेव्हाचे नाशिकचे खासदार हेमंत गोडसे यांनी त्यासाठी पाठपुरावाही केला होता. घाटासाठी खास बदल केलेली गाडी येणार, चाचणी होणार अशा बातम्या आल्या. लोकल मात्र आजही कसाऱ्यालाच थांबते.

त्याच मुंबईत विरारची लोकल २०१३ मध्ये साठहून अधिक किलोमीटर पुढे, थेट डहाणूपर्यंत गेली. मग इथले सोळा किलोमीटर एवढे जड का?

आधी घाट समजून घेऊ

थळ घाटातून पहिली गाडी सुरू झाली १ जानेवारी १८६५ रोजी. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर बारा वर्षांत इंग्रजांच्या जीआयपी रेल्वेने सह्याद्री ओलांडला होता. तेव्हा आखलेला चढ आजही तोच आहे: ३७ ला १. गाडी ३७ मीटर पुढे गेली की एक मीटर वर चढते. रस्त्यावर गाडी चालवताना हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकासाठी तो भयंकर आहे. देशातल्या ब्रॉडगेज मुख्य मार्गांवरचे सगळ्यात तीव्र चढ म्हणजे हा थळ घाट आणि तिकडचा बोर घाट.

म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात. बँकर म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं. ती जोडायची, घाट चढायचा, इगतपुरीला सोडायची आणि पुन्हा खाली आणायची. उलट दिशेने मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक घाट उतरण्याआधी इगतपुरीत तपासले जातात, आणि उतरताना वेग फार कमी ठेवावा लागतो. इगतपुरी हे रेल्वेचं गाव झालं ते या घाटामुळेच.

आणखी एक जुनी भानगड विजेची होती. १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत वीज आली ती १५०० व्होल्ट डीसी. पुढे नाशिककडचा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर झाला. त्यामुळे कित्येक दशकं इगतपुरीत इंजिन बदलल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, आणि डीसीवर चालणारी मुंबईची लोकल नाशिकला जाणं शक्यच नव्हतं. हा अडथळा आता उरलेला नाही. मध्य रेल्वेवरचं डीसी २०१६ मध्ये पूर्ण संपलं.

मग वंदे भारत कशी चढते?

१० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली. ती याच थळ घाटातून जाते आणि तिला बँकर लागत नाही. त्याआधी २०१९ मध्ये नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी सुरू झाली तेव्हा तिला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन लावण्यात आलं, म्हणजे कसाऱ्याला बँकर जोडण्यात वेळ जाऊ नये.

वंदे भारतचं गुपित सोपं आहे. तिला एक मोठं इंजिन नाही, तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटर आहेत. ताकद गाडीभर पसरलेली असल्यामुळे चाकं घसरत नाहीत. घाटासाठी तिला जास्तीचे पार्किंग ब्रेकही दिले आहेत, म्हणजे चढावर थांबावं लागलं तरी गाडी मागे सरकू नये.

मुंबईची लोकलही याच जातीची गाडी आहे. पण तिच्यात साधारण तीनपैकी एका डब्याला मोटर असते, आणि ती सपाटीवर थांबत-पळत जाण्यासाठी बनवलेली आहे. वर तिच्यात माणसं किती कोंबलेली असतात हे सांगायला नको. म्हणजे आहे तीच लोकल उचलून घाटात घालता येणार नाही, हे रेल्वेचं म्हणणं बरोबर आहे. पण ‘लोकल घाट चढूच शकत नाही’ हे जे दरवेळी ऐकवलं जातं, ते वंदे भारतनंतर पटण्यासारखं राहिलेलं नाही. जास्त मोटर आणि योग्य ब्रेक असलेली गाडी बनवता येते.

अडचण रुळावरच्या जागेची

कल्याण ते कसारा हा मार्ग आजही मुख्यतः दुहेरी आहे. म्हणजे लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाडी, सगळ्यांना तेच दोन रूळ. कसारा लोकलने रोज जाणाऱ्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. एक्स्प्रेस पुढे काढायची म्हणून लोकल बाजूला उभी, हा अनुभव आसनगाव-खर्डीकडच्या माणसाला पाठ आहे. इथली तिसरी मार्गिका मंजूर होऊन दशक उलटलं, तरी ती कसाऱ्यापर्यंत पोचलेली नाही.

त्याच्या वर घाट. तिथे तीन रूळ आहेत, पण वेग कमी आणि खाली परतणारी बँकर इंजिनंही त्याच रुळांवर. या गर्दीत दर तासाला एक लोकल वर-खाली सोडायची तर कुठली तरी दुसरी गाडी मागे ठेवावी लागेल. मुंबईहून उत्तर आणि पूर्व भारताकडे जाणारी मोठी वाहतूक इथूनच जाते. रेल्वे ती अडवून इगतपुरीची लोकल पुढे काढेल, असं मला वाटत नाही.

यावरचा इलाज म्हणजे कसारा-मनमाड तिसरी आणि चौथी मार्गिका. १३१ किलोमीटरचा हा प्रकल्प. त्यात घाटातला नवा मार्ग बोगद्यांमधून जाईल आणि चढ ३७ ला १ ऐवजी १०० ला १ असेल. एवढ्या चढाला बँकर लागत नाहीत. मग लोकलचा प्रश्नही पुष्कळ सोपा होतो. पण सह्याद्रीत बोगदे खोदून हे रूळ टाकायला बरीच वर्षं जातील.

समृद्धी महामार्गाने घाट आधीच फोडला आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून चारचाकी काही मिनिटांत घाट पार करते. ज्याच्याकडे गाडी आहे आणि टोल भरायची तयारी आहे, त्याचा घाट संपला. कसाऱ्याला जीप शोधणारा अजून तिथेच आहे.

लोकल मिळाली तरी वेळेचं काय?

समजा उद्या लोकल आली. कसारा-सीएसएमटी प्रवासाला आजच अडीच तासांच्या आसपास लागतात. वर घाटाची अर्ध्या तासाची भर घाला. इगतपुरी ते सीएसएमटी तीन तास, एका बाजूने. नाशिक रोडहून निघालेली पंचवटी एक्स्प्रेस जवळजवळ तेवढ्याच वेळात मुंबईत पोचते. म्हणजे मुंबईत नोकरी करणारा इगतपुरीकर लोकल सोडून पंचवटीच पकडेल.

लोकलचा फायदा होईल तो कल्याण-ठाण्यापर्यंत जाणाऱ्यांना. ही संख्या छोटी नाही आणि त्यांची गैरसोय खरी आहे. करोनाच्या काळात गोदावरी एक्स्प्रेस बंद पडली, त्याआधी जानेवारी २०२० मध्ये मनमाडहून सुटणारी राज्यराणी नांदेडला नेली. मनमाड-नाशिक-इगतपुरीच्या पासधारकांसाठी सकाळच्या हक्काच्या गाड्या तेव्हापासून आकसल्या. खरं तर ‘लोकल हवी’ या मागणीमागे बऱ्याचदा ‘आमच्या वेळेची, आमच्या स्टेशनवरून सुटणारी गाडी हवी’ एवढीच मागणी असते.

जरा लोणावळ्याकडे बघा

बोर घाटातही हेच चित्र आहे. मुंबईची लोकल घाटाखाली, कर्जत-खोपोलीला संपते. लोणावळा वर राहतं. पण लोणावळ्याला लोकल आहे. १९७८ पासून आहे. फक्त ती मुंबईची नाही, पुण्याची आहे.

पुणे-लोणावळा हे अंतर सुमारे ६४ किलोमीटर. घाट चढायचा प्रश्नच नाही, सगळा मार्ग वरच्या पठारावर. तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड ही गावं आणि उपनगरं याच लोकलवर वाढली. लोणावळ्याचा माणूस पुण्यात कॉलेजला जातो, चिंचवडला कामाला जातो आणि रात्री घरी येतो.

आता इगतपुरी-नाशिक रोड हे अंतर पाहा. सुमारे ५१ किलोमीटर. घाट मागे राहिलेला. मध्ये घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली. नाशिक रोडच्या पुढे ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, लासलगाव आणि मनमाड. वीज एकाच पद्धतीची. या मार्गावर साधी मेमू चालते, आणि भुसावळ-इगतपुरी मेमू धावतेही. पण एका मेमूला लोकलसेवा म्हणत नाहीत. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात इगतपुरी-मनमाड अशा तीन-चार फेऱ्या हव्यात. त्यासाठी बोगदा लागत नाही, खास बनवलेली गाडीही लागत नाही.

इगतपुरी तालुक्यातली मुलं कॉलेजसाठी नाशिकला जातात. जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, सिव्हिल हॉस्पिटल, सगळं नाशिकला. इगतपुरीला मुंबईचं उपनगर म्हणायची हौस जाहिरातवाल्यांना आहे, बंगल्यांच्या प्लॉटच्या बोर्डांवर ‘मुंबईपासून दोन तास’ लिहिलेलं असतं. पण रोजच्या व्यवहारात हे गाव नाशिकचं आहे.

मग ही मागणी कुणी रेटत का नाही? एक कारण रेल्वेच्या नकाशात आहे. इगतपुरी स्टेशन मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतं. तिथून पुढे लगेच भुसावळ विभाग सुरू होतो. मुंबई विभागासाठी इगतपुरी हे घाटाचं शेवटचं टोक आणि भुसावळसाठी नाशिक हे मुंबईकडे जाताना लागणारं एक मोठं स्टेशन. नाशिकची उपनगरी वाहतूक हा विषय कुणाच्याच टेबलावर नाही. मुंबईसाठी रेल्वे आणि राज्य सरकारने ५१-४९ टक्के भागीदारीत मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलं, लोकलचे मोठे प्रकल्प तेच करतं. नाशिकला महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, पण रुळावर चालणारी त्याची एकही योजना नाही.

पण नाशिक रोड म्हणजे नाशिक नव्हे

या कल्पनेची कमकुवत बाजूही सांगायला हवी. पुणे-लोणावळा लोकल शिवाजीनगरला, म्हणजे शहराच्या पोटात नेऊन सोडते. नाशिक रोड स्टेशनपासून सीबीएस आठ-दहा किलोमीटर लांब आहे. घोटीहून पाऊण तासात नाशिक रोडला आलात आणि पुढे द्वारका चौकाच्या कोंडीत तेवढाच वेळ गेला, तर माणूस एसटीच पकडेल. गोंदे-वाडीवऱ्हेचे कारखानेही महामार्गाला लागून आहेत, तिथल्या कामगाराला स्टेशनवरून पुढे बस लागेल.

इथेच नाशिकची निओ मेट्रो आठवते. रबरी टायरची, वरच्या तारेवर चालणारी, जोडबससारखी ही हलकी मेट्रो. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली होती. सुमारे ३३ किलोमीटरच्या जाळ्यातला मुख्य मार्ग गंगापूर ते नाशिक रोड होता, म्हणजे लोकलच्या प्रवाशाला नेमका हवा तोच. घोषणेनंतर ती मंजुरीच्या फायलीत अडकली आणि अजून एकही खांब उभा नाही. तोवर हे काम सिटीलिंकच्या बसलाच करावं लागेल. गाडीच्या वेळेला जोडून बस सोडणं हे महापालिकेला दिल्लीला न विचारता करता येतं.

दुसरी अडचण जागेची. इगतपुरी-मनमाड मार्गावरही गर्दी आहेच. पुणे-लोणावळा लोकलचे प्रवासीही दुपारच्या मोठ्या खंडाबद्दल आणि रखडलेल्या जादा मार्गिकांबद्दल तक्रार करतात. म्हणजे दर दहा मिनिटांनी गाडी, असं स्वप्न दाखवणं खोटं ठरेल. पण दिवसाला सहा-आठ फेऱ्या आणि दर दहा मिनिटांनी गाडी, या दोन फार वेगळ्या मागण्या आहेत.

पुढच्या काळात काय पाहायचं?

२०२७ च्या सिंहस्थासाठी रेल्वेने नाशिक रोडबरोबर देवळाली, ओढा, खेरवाडी आणि कसबे सुकेणे या स्थानकांवर कामं हाती घेतली आहेत. गर्दी एकाच स्टेशनवर येऊ नये हा त्यामागचा विचार. पर्वणीच्या दिवसांत या छोट्या स्टेशनांवर जादा गाड्या थांबतील. कुंभ संपल्यावर त्या प्लॅटफॉर्मवर रोजची मेमू थांबणार का, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना आताच विचारता येईल. नंतर ती स्टेशनं पुन्हा सुनी होतात, हा अनुभव जुना आहे.

आणि कसारा-मनमाड नव्या मार्गिकांचा आराखडा पाहताना इगतपुरीकरांनी एक गोष्ट बारकाईने तपासावी. बोगद्यातून वर येणाऱ्या नव्या रुळांवर इगतपुरीचा प्लॅटफॉर्म नेमका कुठे येतो, आणि तिथे उपनगरी गाडी उभी करून परत फिरवायला जादा रूळ ठेवला आहे की नाही.